चौथ्या चौकटीतला तक्ता

येलहंक्याच्या जुन्या गावात एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना आहे. तिथं नर्स म्हणून लागून गोजराक्कांना सव्वीस वर्षं झाली, आणि या सव्वीस वर्षांत सकाळचे नऊ आणि दुपारचे चार या दोन वेळा त्यांनी कुणालाही दिल्या नाहीत. त्या वेळा फ्रीजच्या. लहान मुलांच्या लशी ज्यात ठेवतात तो पांढरा, बुटका, वरून झाकण उघडणारा फ्रीज. त्यातल्या थर्मामीटरचा आकडा दिवसातून दोनदा बघायचा आणि वहीत लिहायचा, एवढंच काम. पण बाईंनी ते असं काही अंगाला लावून घेतलं की लेकीच्या, चंदनाच्या साखरपुड्यात पाहुणे पेढे हातात धरून बसलेले असताना त्या "आले हं स्वल्प" म्हणून उठल्या, दोन गल्ल्या चालत गेल्या, आकडा लिहिला आणि परत येऊन ओटी भरली. व्याह्यांना वाटलं, बाई रुसल्या. रविवारी दवाखाना बंद असतो, पण फ्रीज बंद नसतो, म्हणून रविवारीही जायचं.

त्यांचं घराणं बंगळुरात साडेतीनशे वर्षांचं. कुठल्या सरदाराच्या फौजेबरोबर आलं ते विचारलं तर घरातला प्रत्येक काका वेगळा सरदार काढतो, त्यामुळे हल्ली कुणी विचारत नाही. घरातली मराठी कन्नडच्या शेजारात राहून अर्धी तिच्याचसारखी झालेली. पुण्याकडून आलेल्या माणसाला ती ऐकून आधी हसू येतं आणि मग हसल्याची लाज वाटते, कारण गोजराक्का त्याच मराठीत त्याला कामाला लावून मोकळ्या झालेल्या असतात.

वहीसुद्धा याच मराठीत. दवाखाना सुरू करणारे दामोदर डॉक्टर आता नाहीत, पण त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं की छापील इंग्रजी फॉर्म ऑफिसला पाठवायचा तो पाठव, पण एक वही आपल्या भाषेत ठेव. ज्या भाषेत खोटं लिहायला हात जड होईल त्या भाषेत. वहीत चार रकाने. तारीख, वेळ, आकडा, शेरा. आकडा दोन आणि आठ अंशांच्या मध्ये असला की शेऱ्यात एकच शब्द: सरी. भाजीवाल्याशी भाव ठरला की सरी, रिक्षावाल्याला पत्ता कळला की सरी, बंगळुरात कुठलीही गोष्ट ठीक झाली की ती सरी झाली. आणि आकडा हद्दीबाहेर गेला की मात्र त्या दिवशीची अख्खी कहाणी: "करंट गेला. साडेनऊ अंश. बाटल्या बर्फाच्या पेटीत हलवल्या. पावणेबाराला परत ठेवल्या."

तर अशी ही बाई, आणि तिच्यावर गेल्या गुरुवारी ठपका आला.

ट्रस्टचे शहरात चार दवाखाने. कार्यवाह जयसिंगराव, सत्तरीचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी चारही फ्रीजचा दोन वर्षांचा हिशेब मांडायला घेतला होता. बाकी तिघांनी संगणकावर टाईप केलेले तक्ते दिले. येलहंक्याचे इंग्रजी फॉर्म, ट्रस्टचं ऑफिस इंदिरानगरला हललं तेव्हाच्या खोक्यांत कुठे गेले ते कुणालाच सांगता येईना, म्हणून गोजराक्कांच्या वह्यांच्या पानांचे फोटो मागवले. हे सगळं शंतनुकडे दिलं. शंतनु नागपूरचा, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीत कामाला, सुट्टीच्या दिवशी ट्रस्टचं काम हौसेनं करणारा. मुलगा गुणी होता, त्यात शंका नाही. पण गुणी माणसानं केलेली चूक लवकर सापडत नाही, हा एक मोठाच त्रास असतो.

गुरुवारी इंदिरानगरच्या ऑफिसात जयसिंगरावांनी गोजराक्कांना बोलावून घेतलं आणि भिंतीवर चित्र लावलं. चार चौकटी, दोन वर आणि दोन खाली. प्रत्येकीत एक हिरवा पट्टा, दोन ते आठ अंशांचा, आणि प्रत्येक नोंदीचा एक ठिपका. तीन चौकटींत हिरवा पट्टा ठिपक्यांनी गच्च भरलेला. चौथी चौकट, खालची उजवीकडची, येलहंक्याची. तिच्यातला हिरवा पट्टा कोरा. ठिपके होते ते सगळे पट्ट्याबाहेर, बहुतेक वर आणि थोडे खाली, विखुरलेले.

शंतनुनं जपून, शब्द निवडत समजावून सांगितलं. तुमचा फ्रीज तापमान धरत नाही असं डेटा सांगतो आहे, यात कुणाचा दोष नाही, मशीन जुनं आहे. जयसिंगरावांनी मात्र शब्द निवडले नाहीत. रविवारी सभासदांची बैठक आहे, तिथं हे चित्र लागेल, आणि येलहंक्याचं लसीकरण बंद करून बायकांनी मुलं घेऊन दुसरीकडं जावं असा ठराव येईल, असं त्यांनी सांगून टाकलं.

गोजराक्कांच्या तोंडचं पाणी पळालं. अपमान वाटला, तो नंतर. आधी भीती वाटली. सव्वीस वर्षं आपण आकडे बघतो आहोत, आणि ते आकडे खरे नव्हते की काय? थर्मामीटरच फसवत होता की काय? मग ज्या मुलांच्या मांडीत आपण सुई घातली त्यांच्या अंगात काय गेलं? त्या चौकटीकडं बघतच राहिल्या. आणि बघता बघता त्यांना एक साधी गोष्ट जाणवली की चौकट फारच रिकामी आहे.

"शंतनु, हे ठिपके किती?"

तो म्हणाला, काकू, असं मोजत नसतात, एकूण चित्र बघायचं असतं. गोजराक्का म्हणाल्या, आमच्या लसीकरणाच्या कार्डावर खाली एकूण लिहायची जागा असते, तशी इथं एक कर. किती नोंदी, किती हद्दीत, किती बाहेर, सगळ्यात कमी किती, सगळ्यात जास्त किती. लहानसा तक्ता, माझ्याच चौकटीत. शंतनुनं अडचण सांगितली: चार चौकटी एकसारख्या आखल्या आहेत, एकीतच तक्ता घातला तर लेआउट बिघडेल, आणि तक्त्याला जागा तर पाहिजे ना.

"माझ्या चौकटीत जागाच जागा आहे," गोजराक्का म्हणाल्या.

जयसिंगरावांना हे आवडलं नाही. ज्याच्यावर ठपका त्याच्याच चौकटीत जादा मजकूर कशाला, लोक म्हणतील सारवासारव चालली आहे, असं त्यांचं म्हणणं. गोजराक्कांनी ऐकून घेतलं आणि शंतनुला एवढंच विचारलं की शनिवारी तू घरी असतोस का.

मधला शुक्रवार त्यांना फार जड गेला. गावातली रम्या आपल्या अडीच महिन्यांच्या मुलीला घेऊन लशीला आली. सुई भरताना गोजराक्कांचा हात थबकला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. बाटलीवर एक पांढरा चौकोन असतो, लस तापली की तो काळवंडतो. त्यांनी बाटली खिडकीशी नेऊन तो चौकोन चष्मा वर करून बघितला, खाली करून बघितला. पांढरा होता. रम्यानं विचारलं, अक्का, काही झालं का? काही नाही म्हणून त्यांनी लस दिली, पण घरी जाऊन जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी नऊचा आकडा लिहिला आणि दोन वर्षांच्या चार वह्या पिशवीत घालून त्या निघाल्या. येलहंका शहराच्या वरच्या टोकाला आणि इलेक्ट्रॉनिक सिटी खालच्या. चंदना म्हणाली, फोनवर बोल की, आई. गोजराक्का म्हणाल्या, फोटो पाठवले होते त्याचं काय झालं बघितलंस ना. दोन बस बदलल्या, शेवटी त्या लांबलचक उड्डाणपुलावरून बस गेली आणि पावणेबाराला त्या शंतनुच्या दारात उभ्या राहिल्या, पिशवीत वह्या आणि वर खाऊ म्हणून कोडबळ्यांचा डबा. चारच्या आत परत पोचायचं होतं. दीड वाजता इथून उठायचंच, हे त्यांनी आत शिरता शिरताच सांगितलं.

शंतनु ओशाळला होता, पण कामाला लागला. तक्ता घालणं वाटलं तितकं सोपं नव्हतं. पहिल्यांदा तो चौकटीच्या खाली उतरला आणि चौकट दबून निम्मी झाली. मग चौकटीत आला, तर एवढा मोठा की ठिपकेच झाकून गेले. मग लहान झाला, तर मराठी अक्षरांच्या जागी रिकामे डबे दिसायला लागले. शंतनु म्हणाला, इंग्लिशमध्ये करू का, पटकन होईल. गोजराक्का म्हणाल्या, वही मराठी आहे तर तक्ता मराठीच होऊ दे, मी थांबते. आणि खरंच खुर्चीवर पाठ टेकून थांबल्या. त्यानं कुठून तरी अक्षरं मिळवली. साडेबाराला चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात नीट, वाचता येईल असा तक्ता बसला.

नोंदी ६१. हद्दीत ०. हद्दीबाहेर ६१.

गोजराक्कांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग एक वही काढून त्याच्यासमोर उघडली आणि बोट ठेवून ओळी दाखवल्या. दिवसाला दोन. महिन्याला साठ.

"हे एका महिन्याचं झालं. बाकीचे तेवीस महिने कुठं गेले?"

शंतनुनं पानावरच्या ओळी स्वतः मोजून बघितल्या. मग खाली वाकून आपल्या प्रोग्रामच्या ओळी वाचायला लागला. वाचता वाचता एका जागी अडला. ही ओळ काय म्हणते, असं गोजराक्कांनी विचारलं. तो म्हणाला, काकू, तुम्ही शेऱ्यात सरासरी असं शॉर्टमध्ये लिहिलंय ना, त्या नोंदी मी काढून टाकल्या. म्हणजे ते खरे आकडे नव्हेत, अ‍ॅव्हरेज आहेत, असं मला वाटलं. अ‍ॅव्हरेज पुन्हा धरले तर गडबड होते.

गोजराक्कांना क्षणभर कळेना तो काय बोलतोय. त्यांनी सरासरी कधीच लिहिलं नव्हतं. शंतनुनं वहीतल्या चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. सरी. सरी. सरी. पानभर.

"अरे, सरी म्हणजे सरी," त्या म्हणाल्या.

शंतनुचे कान लाल झाले. दोन वर्षं तो या शहरात होता, रोज सकाळी रिक्षावाल्याला, दूधवाल्याला, वॉचमनला सरी सरी म्हणत होता. पण देवनागरीत, मराठी वहीत तो शब्द दिसला आणि नागपूरच्या शाळेत शिकलेलं डोकं पुढं झालं. ज्या ज्या दिवशी फ्रीज ठीक होता तो प्रत्येक दिवस त्यानं निवडून फेकून दिला होता, आणि उरलेले वाईट दिवस तेवढे भिंतीवर लावले होते.

गोजराक्कांना राग आला, आणि तो त्यांनी गिळला नाही. चुकीचं वाचलंस त्याचं काही नाही, त्या म्हणाल्या. "पण मी घरी बसून अंदाजानं सरासरी लिहीत असेन असं तुला वाटलं, आणि तू मला एकदा विचारलं नाहीस." शंतनुनं मान खाली घातली. माफी मागितली तीही नीट, कारणं न देता. मग त्यानं ती एक ओळ पुसली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला.

चौथी चौकट भरून गेली. हिरव्या पट्ट्यात ठिपकेच ठिपके. गोजराक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदरानं टिपलं आणि घड्याळ बघितलं. एक वाजून पाच मिनिटं.

शंतनु हुशारीत म्हणाला, झालं, आता चित्रच बोलतंय, तक्ता काढून टाकतो, आता त्याला जागाही नाही. गोजराक्का जवळ सरकल्या. गर्दीत ते एकसष्ट ठिपके शोधावे लागत होते. त्यातला प्रत्येक त्यांना आठवत होता. करंट गेलेला, झाकण नीट न बसलेलं, एकदा कॉम्प्रेसर गेला तेव्हा बाटल्यांची पेटी मांडीवर घेऊन त्या रिक्षातून दुसऱ्या दवाखान्यात गेल्या होत्या तो. तक्ता काढला तर आपण पूर्ण निर्दोष दिसू, हे त्यांना कळत होतं. मोह झाला नाही असं नाही. दोन दिवस सोसलं होतं, एवढं तर मिळायला हवं होतं.

"तक्ता राहू दे," त्या म्हणाल्या. "बाहेर गेलेले एकसष्ट आकड्यात दिसले पाहिजेत. आणि अकरा वेळा मला ताप होता तेव्हा नोंदच नाही, तेही लिही."

मग जागेचा प्रश्न. शंतनुनं चौकटीच्या कडेची अंशांची मोजपट्टी वर वाढवली, म्हणजे ठिपके खाली राहतील आणि डोक्यावर मोकळी जागा होईल. पण चारही चौकटींना मोजपट्टी एकच होती. येलहंक्याची वाढली तशा बाकी तिन्ही वाढल्या आणि चारही चौकटींच्या डोक्यावर सारखीच मोकळी जागा पडली. एकीत तक्ता, तिघींत काहीच नाही. शंतनु म्हणाला, हे विचित्र दिसतंय. दीडला दोन मिनिटं कमी होती. गोजराक्का म्हणाल्या, दिसू दे, आणि वह्या पिशवीत भरल्या. चारला पाच मिनिटं कमी असताना त्या फ्रीजसमोर होत्या.

रविवारी नऊचा आकडा लिहून त्या बैठकीला गेल्या. चाळीसेक सभासद, निम्मे साठीच्या पुढचे, जुन्या घराण्यांतले. जयसिंगरावांना शंतनुनं आधीच फोन करून चूक सांगितली होती, आणि त्यांनी ती लोकांपुढं मोकळेपणानं सांगितली, हे त्यांच्या बाजूनं म्हटलं पाहिजे. मग चित्र लागलं. चौथ्या चौकटीतल्या तक्त्यात शंतनुनं गोजराक्कांना न विचारता एक बदल केला होता. 'हद्दीत' हा शब्द काढून त्यानं लिहिलं होतं: सरी १३८८. खाली, बाहेर ६१. त्याच्याखाली, नोंद नाही ११. सभेत कुणालाही अर्थ विचारावा लागला नाही. मागून दोघी म्हाताऱ्या हसल्या.

जयसिंगराव म्हणाले की चूक निस्तरली, आता हा तक्ता कशाला, एकाच चौकटीत बरा दिसत नाही, बाकी तिन्ही जागा रिकाम्या दिसतात. गोजराक्का उभ्या राहिल्या. सभेत बोलायची सवय नव्हती, पदराचं टोक हातात घट्ट धरलं होतं.

"अण्णा, दोन वर्षांत येलहंक्यात एकसष्ट वेळा आकडा बाहेर गेला. करंट आमच्याकडंच जातो काय? त्या तिन्ही जागांत किती लिहायचं तेवढं विचारा."

सगळ्यांनी चित्राकडं बघितलं. आता प्रत्येकाला ते दिसायला लागलं. तीन चौकटींत हिरवा पट्टा गच्च, आणि पट्ट्याबाहेर दोन वर्षांत एक ठिपका नाही. आधी तेच सगळ्यांना किती चांगलं वाटलं होतं. त्या तिघांतल्या इंदिरानगरच्या दवाखान्यावर खुद्द जयसिंगरावांची देखरेख होती. ते चित्राजवळ गेले, चष्मा काढला, पुन्हा लावला. बोलले तेव्हा आवाज खाली आला होता. येलहंक्याचा फ्रीज जागचा हलणार नाही, ते म्हणाले, आणि बाकी तिघांनी टाईप केलेले कागद नकोत, हातानं लिहिलेल्या वह्या आठ दिवसांत आणून द्याव्यात. वह्या आहेत की नाहीत, असं कुणीतरी मागून विचारलं.

निघताना शंतनु दारापर्यंत आला. घुटमळत म्हणाला, काकू, पुढच्या वहीत 'ठीक' लिहाल का, म्हणजे माझ्यासारख्याला कळेल. गोजराक्कांनी विचार करते म्हणून सांगितलं.

सोमवारी नवी वही सुरू करायची होती. नऊ वाजता झाकण उघडलं. साडेचार अंश. तारीख, वेळ, आकडा लिहिला आणि चौथ्या रकान्याशी पेन जरा थांबलं. मग त्यांनी नेहमीसारखं लिहिलं, सरी. मग पान उलटून मागं आल्या आणि वहीच्या पहिल्या कोऱ्या पानावर, पुढं कधी कुणी ही वही वाचेल त्याच्यासाठी, मोठ्या अक्षरांत लिहिलं: "सरी म्हणजे मी स्वतः जाऊन बघितलं. गोजराबाई, येलहंका."